पितळेचा गंज, गाईचे दूध आणि बाळाचे यकृत

आमच्या वयाच्या मंडळींना एक वाक्य नक्की आठवत असेल. "अमक्याच्या लेकराला लिव्हर झालं." लिव्हर म्हणजे यकृत, आणि ते प्रत्येकालाच असते. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी आमच्या वाशीम भागात लिव्हर हे एका रोगाचे नाव होते. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते अशा आयाबायांच्याही तोंडी हा एक इंग्रजी शब्द होता, आणि तो उच्चारताना आवाज आपोआप खाली यायचा. कारण लिव्हर झालेले मूल सहसा वाचत नसे.

आजच्या तरुण आयांना हे वाक्य सांगितले तर त्यांना ते कळतही नाही. मग तो रोग गेला कुठे? देवीचा रोग लशीने गेला, हे आपण शाळेत शिकवतो. लिव्हरची लस तर कधी निघालीच नाही. तो रोग गेला त्यात मोठा वाटा स्वयंपाकघरातल्या एका भांड्याचा आहे, आणि ते कोडे उलगडण्याचे बरेचसे काम आपल्या पुण्यात झाले. पाठ्यपुस्तकात न आलेला हा इतिहास आहे, म्हणून आज तो लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही, जन्मभर मराठी शाळेत मास्तरकी केलेला माणूस आहे. त्यामुळे सगळे साध्या भाषेतच सांगेन.

आधी थोडे शब्दाविषयी, सवय जात नाही! आपण 'काळीज धडधडते' म्हणतो तेव्हा आपल्या मनात हृदय असते. पण मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली तर मिळते ते यकृत. संस्कृतात यकृताला 'कालखंड' असेही नाव आहे. म्हणजे आपल्या बोलण्यात हृदय आणि यकृत यांची पूर्वीपासून थोडी सरमिसळच झालेली आहे. जिवाचे मोल दोघांचेही सारखेच, हे मात्र खरे.

यकृत पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांखाली असते. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण दीड किलो भरते. अन्नातून आलेली साखर साठवणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने तयार करणे, पित्त तयार करणे, औषधे आणि विषारी पदार्थ निकामी करणे अशी शेकडो कामे ते करते. त्यातले एक काम आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे. शरीराला तांबे हा धातू अगदी थोडा लागतो. जास्तीचे तांबे यकृत पित्तात सोडते आणि ते शौचावाटे बाहेर जाते. हे काम बिघडले, किंवा झेपण्यापलीकडे तांबे आले, तर ते यकृतातच साठत जाते आणि पेशी मरू लागतात. मेलेल्या पेशींच्या जागी वणासारखे कडक तंतू येतात. यकृत असे दगडासारखे होण्याला डॉक्टर सिऱ्हॉसिस म्हणतात. मोठ्या माणसात तो दारूने होतो, काविळीच्या काही विषाणूंनी होतो, हे आपण ऐकून आहोत. पण दीड वर्षाच्या लेकराला तो का व्हावा?

तर हा जो 'लिव्हर' होता त्याचे पुस्तकी नाव 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस'. भारतीय बालकांचा यकृतरोग म्हणा. रोगाच्या नावातच आपल्या देशाचे नाव! मूल सहा महिन्यांचे झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत तो व्हायचा. सुरुवातीला मूल किरकिर करायचे, खाणे टाकायचे, बारीक ताप यायचा. मग पोट पुढे येऊ लागायचे. घरातल्यांना वाटायचे जंत झाले असतील, दृष्ट लागली असेल. अनुभवी डॉक्टर पोटावर हात ठेवूनच ओळखत. यकृत बरगडीखाली खूप खाली उतरलेले, हाताला कडक, आणि त्याची कडा पानासारखी धारदार लागायची. पुढे डोळे पिवळे व्हायचे, पोटात पाणी भरायचे आणि बहुतेक मुले काही महिन्यांतच जायची. खात्री करायची तर सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागे. ती सोय मोठ्या शहरातच.

खेड्यात काय उपाय व्हायचे ते सांगायला नको. गंडेदोरे व्हायचे, कुठे पोटावर डागण्या दिल्या जायच्या. वर्तमानपत्रांत मद्रासच्या एका 'लिव्हर क्युअर' औषधाच्या जाहिराती यायच्या. ज्यांना परवडे ते ते मागवत. काहीजण मूल घेऊन अकोला, नागपूर गाठायचे. पण तिथल्या डॉक्टरांच्या हातातही तेव्हा या रोगावर औषध नव्हते, कारण रोगाचे कारणच माहीत नव्हते.

कारणाचा शोध मात्र फार जुना. १८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी या रोगाबद्दल पहिल्यांदा लिहिले असे मानतात. स्वातंत्र्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या यकृतरोग उपसमितीने १९५५ मध्ये यावर अहवाल काढला. देशाच्या अनेक भागांतून मुले येत होती. पण रोगाची निवड मोठी विचित्र होती. एका घरात एक मूल गेले की पाठचे मूलही त्याच वाटेने जायचे. मुलींपेक्षा मुलगे जास्त. आणि सगळ्यात चकित करणारी गोष्ट म्हणजे हा अगदी दरिद्री घरातला रोग नव्हता! ज्यांच्या दारात गाय-म्हैस आहे, पोटभर खायला आहे, अशा खेड्यातल्या आणि लहान गावांतल्या मध्यम घरांत तो जास्त दिसायचा. बाकी बालरोग गरिबाच्या झोपडीत आधी शिरतात. हा खात्यापित्या घरात शिरत होता.

तर्क पुष्कळ झाले. कोणी म्हणाले आनुवंशिक आहे, कारण भावंडांना होतो. कोणी म्हणाले विषाणू असावा. कोणी शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या विषाकडे, म्हणजे अफ्लाटॉक्सिनकडे बोट दाखवले. कोणी कुपोषणाला दोष दिला. प्रत्येक तर्कात थोडे तथ्य दिसायचे, पण खात्यापित्या घरांचे कोडे एकानेही नीट सुटत नव्हते.

कोड्याचा पहिला दोरा सापडला तो लंडनमध्ये. १९७८ मध्ये तिथल्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी भारतीय मुलांच्या यकृताचे नमुने ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवून पाहिले. पेशींमध्ये तपकिरी कण भरलेले दिसले. असे कण तांबे साठले की दिसतात. पुढच्याच वर्षी यकृतातले तांबे प्रत्यक्ष मोजले गेले. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला पन्नास मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. या मुलांमध्ये ते त्याच्या कितीतरी पट निघाले, काहींत तर हजाराच्याही वर. या कामात डॉ. स्टुअर्ट टॅनर नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. आता प्रश्न असा की हे तांबे आले कुठून? यकृत खराब झाले म्हणून तांबे साठले, की तांबे साठले म्हणून यकृत खराब झाले?

याचे उत्तर प्रयोगशाळेत बसून मिळणारे नव्हते. त्यासाठी मूल काय खाते, काय पिते, कशातून पिते हे घराघरात विचारायला हवे होते. ते काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात झाले. डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी डॉ. टॅनर यांच्याबरोबर आजारी मुलांच्या आयांना अगदी साधे प्रश्न विचारले. अंगावरचे दूध किती महिने पाजले? वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापवता? कशात ठेवता? आणि मग तशाच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या निरोगी मुलांच्या आयांनाही तेच प्रश्न विचारले. १९८३ मध्ये त्यांचा पहिला लेख लॅन्सेट या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला आणि १९८७ मध्ये दोन्ही गटांची सविस्तर तुलना प्रसिद्ध झाली. निष्कर्ष असा होता की आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध फार लवकर सुरू केलेले होते, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवण्याची पद्धत त्यांच्या घरांत कितीतरी जास्त होती.

आता जरा आपली जुनी चूल डोळ्यांसमोर आणा. आमच्याकडे पातेल्याला 'गंज' म्हणतात (लोखंडाला चढतो तो गंज नव्हे बरे!). दुधाचा गंज पितळेचा, पाण्याचा गुंड पितळेचा, तांब्या तर नावातच तांब्याचा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, त्यात तांबेच जास्त. फ्रीज नव्हते. दूध नासू नये म्हणून ते दिवसातून तीन-चार वेळा तापवायचे आणि त्याच भांड्यात झाकून ठेवायचे. बाळाला लागले की त्यातलेच वाटीभर काढायचे. दुधातले केसिन नावाचे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. त्यामुळे बिनकल्हईच्या पितळेत तापवलेले दूध प्रत्येक वेळी थोडे थोडे तांबे ओढून घेत राहते.

कल्हई हा यावरचा जुना उपाय. कल्हईवाला दारात यायचा, भाता फुंकायचा, भांडे तापवून नवसागर टाकायचा आणि कथलाचा पांढरा हात आतून फिरवायचा. पोरांना ती मोठीच गंमत वाटायची. पण घासून घासून कल्हई उडते. ती पुन्हा करायची तर पैसे लागतात, आणि कल्हईवाला यायची वाट पाहावी लागते. दुधाच्या भांड्याची तर पुष्कळ घरांत कल्हई करतच नसत. कारण दूध पितळेत बिघडत नाही अशी समजूत होती.

याच ठिकाणी मला आपल्या भाषेतला एक शब्द आठवतो. कळकणे. पितळेच्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचे सार राहिले की ते कळकते. चव बदलते, हिरवट रंग येतो, मळमळ होते. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्के ठाऊक होते, म्हणून आंबट पदार्थ पितळेत ठेवायचा नाही हा नियम घरोघरी होता. पण दूध कळकत नाही. त्याची चव बदलत नाही, रंग बदलत नाही, पिणाऱ्याला लगेच काही होत नाही. जे डोळ्याला दिसले आणि जिभेला कळले त्याला शब्द मिळाला, नियमही झाला. जे दिसले नाही त्याला शंभर वर्षे कारण सापडले नाही. यात त्या बायकांचा काही दोष नाही. त्या बिचाऱ्या आपल्या बाळाला घरातले सगळ्यात चांगले तेच देत होत्या.

कोणी विचारेल, मग त्याच गंजातले दूध पिऊन घरातली मोठी माणसे कशी धडधाकट राहिली? मोठ्या माणसाचे यकृत जास्तीचे तांबे पित्तातून बाहेर टाकू शकते, आणि त्याचे सगळे पोट काही दुधावर भरत नाही. तान्ह्या बाळाचे तसे नसते. निसर्गाने एक मोठी सोय केली आहे. बाळ जन्माला येते तेव्हाच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा असतो. आईच्या दुधात तांबे फार थोडे असते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत बाळ तो साठा हळूहळू वापरते आणि पातळी खाली येते. त्याच काळात वरून तांबे मिसळलेले दूध सुरू झाले, आणि बाळाचे सगळे पोट त्यावरच भरू लागले, तर ते इवलेसे यकृत काय करणार?

आता खात्यापित्या घरांचे कोडे उलगडते. ज्या मजूर बाईला गाईचे दूध परवडत नव्हते तिचे मूल दोन दोन वर्षे अंगावर पीत होते, आणि तिच्या झोपडीत पितळी भांडीही बेताचीच. ज्या घरी दुभते जनावर होते तिथे "आईचे दूध पुरत नाही, गाईचे पाजा" असे म्हणायला चार वडीलधारे हजर असत. भावंडांनाही तोच रोग का व्हायचा, तर पाठच्या बाळाचे दूध त्याच गंजात तापायचे! मुलग्यांना जास्त का, याचे पक्के उत्तर माझ्या वाचनात आले नाही. मला आपले वाटते की घरातले जास्तीचे दूध आधी कोणाच्या वाट्याला येत असे, हे आपल्या समाजाला सांगायला नको.

कारण सापडल्यावर उपचारालाही दिशा मिळाली. विल्सन रोग नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यातही यकृतात तांबे साठते. त्यावर डॉ. जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामाइन हे औषध आणले होते. ते शरीरातल्या तांब्याला धरते आणि लघवीवाटे बाहेर काढते. पुण्याच्या डॉक्टरांनी तेच औषध या मुलांना देऊन पाहिले. ज्या मुलांचे यकृत पार संपले होते, कावीळ आणि पोटात पाणी झाले होते, त्यांना फारसा उपयोग झाला नाही. पण जी मुले लवकर आणली गेली त्यांतली काही वाचली. १९८० ते १९८७ या काळात आलेल्या आणि औषध सुरू केल्यावर किमान पाच वर्षे जगलेल्या २९ मुलांची डॉ. आशिष बावडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तपासणी केली. त्याचा वृत्तांत १९९६ मध्ये छापून आला. ती मुले शाळेच्या वयाची झाली होती, त्यांना कसलाही त्रास नव्हता आणि वाढही व्यवस्थित होती. ज्या रोगाला लोक मरणाचेच दुसरे नाव समजत होते, त्यातून उठलेली ही मुले. वाचताना मला फार बरे वाटले.

पण खरे यश औषधाचे नव्हे. ज्या घरात एक मूल आजारी पडले होते तिथे पुढच्या बाळासाठी सांगितले गेले की अंगावर पाजा, आणि वरचे दूध द्यायचेच झाले तर पितळेत तापवू नका. रोग वेगाने कमी होत गेला. १९९० नंतर शिकलेल्या कित्येक डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिला असेल.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. ऑस्ट्रियातल्या टायरॉल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच यकृतरोगाने आजारी पडली होती. तिथे गाईच्या दुधात साखर आणि पाणी घालून ते तांब्याच्या भांड्यात उकळून बाळाला देण्याची रीत होती. भांडी बदलली आणि रोग संपला. १९९६ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केले. आपल्या गावापासून इतक्या दूरच्या त्या गोऱ्या आयांची आणि आमच्याकडच्या आयांची गोष्ट एकच निघाली!

इतिहास लिहिताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळ्या डॉक्टरांना हे मत संपूर्णपणे पटले नाही. पितळेत दूध तापवणारी लाखो घरे होती, पण सगळ्याच घरांत हा रोग झाला नाही. म्हणजे काही बाळांच्या अंगात मुळातच तांबे बाहेर टाकण्याची ताकद कमी असावी, आणि त्यांच्यावर वरून हा भार पडला असावा, असे अनेकांचे म्हणणे आहे. ते पटण्यासारखे आहे. शिवाय रोग कमी झाला तो केवळ डॉक्टरांनी सांगितले म्हणून नाही. त्याच सुमारास आपल्या घरांत स्टील शिरले होते. बोहारीण, म्हणजे आमच्याकडची भांडेवाली, जुनी लुगडी घेऊन स्टीलची वाटी द्यायची. लग्नात स्टीलचा डबा आहेरात आला की मिरवून दाखवायचे. पितळेची जड भांडी बायकांनी हौसेने मोडीत घातली आणि स्टीलची घेतली. घासायला सोपी, कल्हईची कटकट नाही, आणि दिसायला चकचकीत. त्या बायकांना माहीत नव्हते की त्या मोडीत एक रोगही जातो आहे. लॅन्सेटमधला लेख आणि दारातली भांडेवाली या दोघांनी मिळून हे काम केले असे मी म्हणेन.

आता हे सगळे आज लिहायचे कारण. ते खास आमच्या नातेवाईक मंडळींसाठी आहे. आपल्याकडे पितळ पुन्हा आले आहे! "स्टील सोडा, पूर्वजांकडे चला" असे निरोप रोज फिरतात. तांब्याच्या बाटल्या घरोघरी झाल्या. आपल्याच कुटुंबाच्या ग्रुपवर परवा एका छान चकचकीत पितळी दुधाच्या पातेल्याचे चित्र आले आणि खाली लिहिले होते की नवीन बाळासाठी घेतले. पाठवणाऱ्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. मलाही पितळ आवडते. देवघरात, शोभेला, लग्नकार्यात जरूर वापरा. कल्हई केलेल्या पितळेत भाजी-भात शिजवायलाही माझी हरकत नाही. पाण्यात तांबे किती चालते याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, त्यामुळे धडधाकट माणसाने तांब्याच्या भांड्यातले साधे पाणी पिऊन काही आकाश कोसळत नाही. त्यात लिंबू मात्र पिळू नका. पण तान्ह्या बाळाचे दूध पितळेत किंवा तांब्यात तापवायचे नाही, ठेवायचे नाही. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. पुढे जे द्यायचे ते स्टीलच्या भांड्यातून. पूर्वज शहाणे होतेच, पण त्यांची लेकरे कशाने गेली हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपल्याला सांगितले आहे.

यकृताचे बाकीचे आजार काही संपलेले नाहीत, त्यांच्याबद्दलही थोडे लिहितो. कावीळ हा स्वतः रोग नाही, ते लक्षण आहे. दूषित पाण्याने होणारी कावीळ ए आणि ई या विषाणूंची असते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. तो विषाणू ए नव्हता आणि बी पण नव्हता, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासून १९८० मध्ये दाखवले. त्यालाच पुढे ई हे नाव मिळाले. ही कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आपोआप बरी होते. म्हणून तर गावोगावच्या माळांना आणि नाकात टाकायच्या थेंबांना यश आल्यासारखे दिसते! पण गरोदर बाईला ई कावीळ झाली तर जिवावर बेतू शकते, तिला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

बी आणि सी हे विषाणू रक्तातून पसरतात आणि वर्षानुवर्षे गुपचूप राहून यकृत सुकवतात. बी ची लस २०११-१२ पर्यंत देशभरच्या बाळांच्या लसीकरणात आली. जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस द्यायचा असतो, तो चुकवू नका. सी वर लस नाही, पण काही आठवड्यांच्या गोळ्यांनी तो आता बहुतेक पूर्ण बरा होतो. दारूबद्दल मी काय सांगावे, गावात प्रत्येकाला दोन-चार नावे आठवतील. आणि नवा पाहुणा म्हणजे यकृतात चरबी साठणे. दारूला न शिवणाऱ्यालाही वाढलेले पोट आणि मधुमेह यांमुळे ते होते. दुखत नाही, खुपत नाही, सोनोग्राफीत अचानक कळते. वजन शेकडा सात ते दहा कमी केले तरी यकृत सुधारते असे डॉक्टर सांगतात.

आणखी एक, घरगुती औषधांबद्दल. करोनाच्या काळात सगळे गुळवेलीचा काढा पीत होते. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला सूज आलेले सहा रुग्ण पाहिले, ते सगळे गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद चालू राहील. पण डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर आपण घरी काय काय घेतो ते सगळे डॉक्टरांना सांगावे, काढेसुद्धा. पुण्याच्या डॉक्टरांनी भांड्याबद्दल विचारले म्हणून कारण सापडले. कोणी विचारले नाही तर आपणहून सांगण्यात कमीपणा नाही.

असो. लेख लांबला. ज्यांच्या घरात असे लेकरू गेले असेल अशी म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला त्या वेळचे काही आठवत असेल, घरात दुधाला कोणते भांडे होते, कोणी काय उपचार केले, तर मला जरूर लिहून कळवा. मी ते या लेखाखाली जोडून ठेवीन. आणि ज्यांच्याकडे नवीन बाळ आले आहे त्यांनी ते पातेले परत करायची गरज नाही. देवघरात ठेवा, छान दिसेल. बाळाच्या दुधाला मात्र स्टीलच वापरा.